वॉशिंग्टन मोर्च्याचें मागणीपत्र

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं २८ ऑगस्ट १९६३ रोजीं निघालेल्या वॉशिंग्टन मोर्च्याचें नांव काढतांच लोकांस डॉ. किंग यांचें स्वप्नाचें भाषण तेवढें आठवतें. बखरीहून अस्सल कागद श्रेष्ठ, या न्यायानें आम्हीं त्या दिवसाचें छापील मागणीपत्र पाहिलें. मोर्च्याच्या नांवांतच स्वातंत्र्याआधीं रोजगार आहे. दहा मागण्यांत तासास दोन डॉलरांहून कमी वेतन अपुरें ठरविलें आहे. सूत्रधार रँडॉल्फ हे आगगाडीच्या शयन-डब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांच्या संघाचे अध्यक्ष. मोटार-कामगारांचे पुढारी रूथर पाठीशीं राहिले. परंतु एएफएल-सीआयओ या शिखरसंघाच्या कार्यकारी मंडळानें पाठिंबा दिला नाहीं. सबब कामगारसंघ न्यायाच्या बाजूस होते, हें विधान अर्धेंच खरें. आणि भाषण राखून मागणीपत्र विसरणें म्हणजे मूळ पाठच गाळणें होय.