डब्ल्यूपीएफमधील स्वनिर्मित प्रॉपर्टी आणि बाइंडिंग : एक टीका

डब्ल्यूपीएफमध्ये स्वतःचा कंट्रोल लिहायला बसलात की पहिली तक्रार ठरलेली असते : एका साध्या प्रॉपर्टीसाठी एवढा पसारा कशाला? ही तक्रार मला फारशी पटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे, आणि पाठ्यपुस्तके ती दोन ओळींत उरकतात.

पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा कंट्रोल घेऊ. त्यात 'पातळी' ही डबल प्रकारची प्रॉपर्टी हवी आणि तिला बाहेरून बाइंडिंग करता यायला हवे. बाइंडिंगला दोन टोके असतात. ज्या टोकाकडून माहिती येते तिथे साधी प्रॉपर्टी चालते. बदल कळावेत म्हणून त्या क्लासने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस पाळावा, इतकेच. जिथे माहिती पोचते त्या टोकाला मात्र डिपेंडन्सी प्रॉपर्टीच लागते. तुमचा कंट्रोल हे दुसरे टोक आहे. म्हणून डिपेंडन्सीप्रॉपर्टी क्लासच्या रजिस्टर मेथडला नाव, प्रकार, मालक क्लास आणि मेटाडेटा द्यायचा, परत आलेली वस्तू स्टॅटिक रीडओन्ली फील्डमध्ये ठेवायची आणि वर गेटव्हॅल्यू-सेटव्हॅल्यूचे नेहमीच्या प्रॉपर्टीसारखे दिसणारे वेष्टन चढवायचे.

हा पसारा सकारण आहे. एका बटणावर कितीतरी प्रॉपर्टी असतात आणि बहुतेक मूळ किमतीवरच राहतात. ती मूळ किंमत मेटाडेटात एकदाच ठेवली की प्रत्येक बटणाला वेगळी जागा अडवावी लागत नाही. शिवाय एकाच प्रॉपर्टीवर अॅनिमेशन, थेट दिलेली किंमत, स्टाइल आणि वारशाने आलेली किंमत असे अनेकजण हक्क सांगतात. कोणाचे ऐकायचे हा क्रम ही यंत्रणा ठरवते. २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलेली ही कल्पना आजही भक्कम वाटते.

माझा आक्षेप त्या वेष्टनावर आहे. ते प्रॉपर्टीसारखे दिसते, पण तसे वागत नाही. पातळी ० ते १०० मध्येच राहावी म्हणून तुम्ही सेटरमध्ये अट लिहिता. सी-शार्पमधून किंमत दिली की अट चालते. झॅमलमधून दिली किंवा बाइंडिंगमधून आली की चालत नाही, कारण तेव्हा यंत्रणा तुमच्या सेटरला वळसा घालून थेट आपल्या कोठारात किंमत ठेवते. कंपायलर काही बोलत नाही. टाकी १४० टक्के भरलेली दिसते. अशी अट कोअर्सव्हॅल्यू कॉलबॅकमध्ये लिहायची असते आणि बदलानंतरचे काम प्रॉपर्टीचेंज्ड कॉलबॅकमध्ये. वेष्टनात त्या दोन हाकांपलीकडे एक अक्षरही नको. ज्या जागी काही लिहायचेच नाही, ती जागा लिहिण्यासाठी उघडी का ठेवली, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा.

सगळ्याच चुका मुक्या नसतात, हेही खरे. साध्या प्रॉपर्टीवर बाइंडिंग लावले तर प्रोग्राम स्पष्ट शब्दांत नकार देतो. डबलच्या मूळ किमतीसाठी ०.० ऐवजी ० लिहिले तरी अपवाद येतो (संदेश जरा कोड्यातला असतो, पण येतो तरी). पाथमधले नाव चुकले तर मात्र खिडकी उघडते, टाकी रिकामी दिसते आणि चूक आउटपुट विंडोत एका ओळीत पडून राहते. तिथे पाहायची सवय नसलेला विद्यार्थी तासभर स्टाइल तपासत बसतो. रिकामी टाकी आणि न जोडलेली टाकी एकसारखीच दिसावी, हे मला रचनेतले व्यंग वाटते. पंप चालू करायचा की नाही हे त्या चित्रावरून ठरवणाऱ्या माणसाला आउटपुट विंडो दिसत नसते.

तसाच दुसरा सापळा यूझरकंट्रोलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाकॉन्टेक्स्ट स्वतःलाच देण्याचा. आतली बाइंडिंग चालू लागतात म्हणून बरे वाटते, पण वापरणाऱ्याने बाहेरून लावलेले बाइंडिंगही आता त्या कंट्रोलमध्येच नाव शोधू लागते. आतल्या सर्वांत वरच्या घटकाला डेटाकॉन्टेक्स्ट द्या, किंवा एलिमेंटनेम वापरा.

एकदिशी बाइंडिंगचे वागणे मला सर्वांत खटकते. बांधलेल्या प्रॉपर्टीला कोडमधून थेट किंमत दिली की ते बाइंडिंग गुपचूप निघून जाते. जावाएफएक्समध्ये हेच केले तर रनटाइम अपवाद येतो : बांधलेली किंमत बदलता येणार नाही. तो उद्धटपणा मला पसंत आहे. डब्ल्यूपीएफने २०१० साली, डॉटनेट ४ मध्ये, सेटकरंटव्हॅल्यू ही मेथड दिली. ती किंमत बदलते आणि बाइंडिंग राखते. जुनी वाट मात्र तशीच उघडी आहे.

प्रयोगशाळेत करून पाहा. खिडकीत एक स्लायडर ठेवा, टाकीची पातळी त्याच्या व्हॅल्यूला बांधा आणि एका बटणाच्या क्लिकवर पातळीला ५० द्या. आधी स्लायडर हलवा, मग बटण दाबा, मग पुन्हा स्लायडर हलवा. टाकी ५० वरच थांबेल. आता त्या ओळीत सेटकरंटव्हॅल्यू वापरून तोच क्रम पुन्हा करा, आणि दोन्ही वेळा आउटपुट विंडोत काय आले ते वहीत लिहा.