सर्पप्रतीकाचा अर्थ आणि अर्थनिश्चितीची पद्धती : औंढा नागनाथाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सर्प हे जगातील बहुतेक सर्व संस्कृतींत आढळणारे प्रतीक आहे. त्यामुळे तौलनिक धर्म, लोकसाहित्य व मिथकसमीक्षा या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासकांनी त्याचा वारंवार परामर्श घेतला आहे. या लेखनात एक ठरावीक पद्धत रूढ झालेली दिसते. ख्रिस्ती परंपरेत सर्प म्हणजे पाप, ग्रीकांत आरोग्य, इजिप्तमध्ये राजसत्ता, भारतात सुफलता अशी यादी दिली जाते आणि सर्प हे बहुअर्थी प्रतीक आहे असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा नाही. परंतु तो पुरेसाही नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीची मर्यादा दाखवून, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र आणि मराठी नागपंचमीची परंपरा यांच्या आधारे एक वेगळी भूमिका मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या प्रदेशापुरते पाहता सर्पप्रतीकाचा अर्थ त्या प्राण्याच्या गुणधर्मांपेक्षा माणूस आणि त्याने वस्तीसाठी घेतलेली भूमी यांच्या नात्यातून घडला आहे, ही ती भूमिका होय.

यादीपद्धतीची मर्यादा

एका धर्माला एक अर्थ जोडणे मूळ ग्रंथांसमोर टिकत नाही. बायबलच्या पहिल्याच ग्रंथात सर्प मोह पाडणारा आहे. मात्र त्याच परंपरेत मोशे रानात पितळेचा सर्प उभारतो आणि त्याच्याकडे पाहणारे दंशातून वाचतात. पुढे हिज्कीया राजा तोच पितळी सर्प फोडून टाकतो, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागलेले असतात. शाप, उपचार आणि निषिद्ध मूर्ती असे तीन अर्थ एकाच परंपरेत क्रमाने येतात; प्रत्येक वेळी बदलतो तो सर्पाचा उपयोग आणि उपयोग करणारा समाज.

संदर्भ सुटला की चिन्हाचा अर्थ कसा घसरतो याचे उदाहरण वैद्यकक्षेत्रात आहे. ग्रीक आरोग्यदेव अस्क्लेपियस याच्या दंडावर एकच सर्प असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात तोच आहे. दोन सर्प आणि पंख असलेला दंड हा हर्मीस या दूतांच्या व व्यापाऱ्यांच्या देवाचा. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ साली हा दुसरा दंड स्वीकारला आणि पुढे अनेक ठिकाणी तो वैद्यकाचेच चिन्ह समजला गेला.

याच्या उलट टोकाची चूक जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६८ सालच्या वृक्ष व सर्पपूजेवरील ग्रंथात आढळते. त्यांनी सांची व अमरावतीच्या शिल्पांचा मौलिक परिचय करून दिला. परंतु सर्पपूजेची सांगड विशिष्ट वंशांशी घातली. यादी करणारा अभ्यासक इतिहास विसरतो, तर वंश शोधणारा अभ्यासक इतिहासाच्या जागी कल्पना ठेवतो.

मराठवाड्यातील साक्ष

मराठवाड्याच्या भूमीत या प्रतीकाची सलग साक्ष उपलब्ध आहे. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणांचे छत्र आहे. बौद्ध कथेत मुचलिंद पावसात बुद्धावर फणा धरतो; जैन कथेत धरणेंद्र तपस्वी पार्श्वनाथांचे उपसर्गापासून रक्षण करतो. दोन्ही ठिकाणी नाग महापुरुषाला आश्रय देतो.

महाभारतात मात्र हेच नाते संघर्षाचे आहे. इंद्रप्रस्थाच्या कथेत खांडववन जाळले जाते. पुढे तक्षकाच्या दंशाने परीक्षिताचा मृत्यू होतो आणि जनमेजय सर्पसत्र आरंभतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाकडे भूमीसाठी झालेल्या संहाराच्या दृष्टीने पाहिले आहे. हे सत्र थांबवितो तो आस्तिक. त्याचा पिता ऋषी, तर माता नागकुळातील आहे. वैर शमविण्याचा अधिकार दोन्ही कुळांचे रक्त असलेल्याला मिळतो, हे येथे लक्षणीय आहे.

या आख्यानाला आधुनिक काळातही प्रतिसाद मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजीच्या भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूरची निवड करण्यामागे नाग लोकांनी केलेल्या बौद्ध धर्मप्रसाराचे कारण सांगितले. येथे ‘नाग’ हा शब्द प्राण्याचा वा देवतेचा वाचक न राहता, इतिहासाने बाजूला सारलेल्या लोकांच्या स्वत्वाचा वाचक झाला. कोणत्याही प्रतीककोशातील अर्थापेक्षा हा अर्थ अधिक परिणामकारक ठरला.

औंढा नागनाथ : नाव आणि कथा

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्रात मानले जाते. ‘दारुकावन’ नेमके कोणते याविषयी द्वारकेजवळील नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांचेही दावे आहेत. शिवपुराणातील कथा दारुक राक्षस आणि त्याच्या बंदीत पडलेला शिवभक्त सुप्रिय यांची आहे. या कथेच्या केंद्रस्थानी सर्प नाही. म्हणजेच देवाच्या नावात नाग आहे. पण देवाचे माहात्म्य सांगणाऱ्या कथेत त्याला प्रमुख स्थान नाही. नाव आणि कथा यांतील हे अंतर अभ्यासकाने गंभीरपणे घेतले पाहिजे. स्थलनामे व देवनामे पुष्कळदा कथांपेक्षा अधिक काळ टिकतात. येथील शिवलिंग तळघरात असून अरुंद वाटेने खाली उतरून दर्शन घ्यावे लागते. या रचनेचा नागपूजेशी थेट संबंध सांगणारा पुरावा नाही. तथापि भूगर्भात उतरण्याचा हा अनुभव ‘नागनाथ’ या नावाला अनुरूप आहे एवढे म्हणता येते.

याच क्षेत्राशी संत नामदेव आणि विसोबा खेचर यांची भेट जोडलेली आहे. नामदेवांना भजनासाठी मागे सारले असता मंदिरच फिरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यात सर्प नाही, पण प्रश्न तोच आहे : या स्थानावर अधिकार कोणाचा?

नागपंचमीची कहाणी : अपराध आणि मर्यादा

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप नागपंचमीच्या कहाणीत दिसते. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिले मरतात. नागीण सूड म्हणून त्याच्या कुटुंबाला दंश करते. सासरी असलेली मुलगी त्या वेळी नागाची पूजा करीत असते. तिच्या भक्तीमुळे नागीण प्रसन्न होते आणि अमृत देते. या कहाणीत नागीण दुष्ट नाही आणि शेतकरीही दुष्ट नाही. शेती करणे म्हणजे कोणाचे तरी घर मोडणे होय, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, तळू नये हे नियम त्या जाणिवेचे आचाररूप आहेत. स्त्रिया नागाला भाऊ मानतात, वारुळाला जातात. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये वारूळ हे भूमातेच्या योनीचे प्रतीक असल्याचे दाखविले आहे, गोव्यात सांतेरी ही देवी वारुळाच्या रूपातच पूजिली जाते. मातेच्या उदरात राहणारा तो भाऊ, हा लोकमानसाचा तर्क यातून उलगडतो.

प्रतीक आणि प्राणी

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. प्रतीकाचा असा गौरव अंधश्रद्धेला बळ देत नाही काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील असून जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आहेत. श्रावण याच काळात येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रतिसर्पविष उपलब्ध असताना दंश झालेल्याला प्रथम देवस्थानी वा मांत्रिकाकडे नेणे प्राणघातक ठरते. नागाला दूध पाजणे ही त्या प्राण्याचीही हानीच होय. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे जिवंत नागांच्या पूजेवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या आधारे न्यायालयीन निर्बंध आले, ते याच हेतूने.

परंतु या निर्बंधांचा कहाणीशी विरोध नाही. बिळातून नाग धरून आणणे हे ‘खणू नये’ या नियमाचेच उल्लंघन आहे. परंपरेचा अर्थ नीट वाचला तर ती कायद्याच्या बाजूने उभी राहते. तो अर्थ न वाचता केवळ विधी जपला, तर श्रद्धा आणि विज्ञान या दोहोंचीही फसवणूक होते.

समारोप

तात्पर्य, सर्प ‘कशाचे प्रतीक आहे’ या प्रश्नाऐवजी ते ‘कोणाकडून काय मागते’ हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. मराठी परंपरेत ते नांगर धरणाऱ्याकडून अपराधाची कबुली आणि मर्यादेचे पालन मागते. आपल्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. त्यांना ही कहाणी घरी ऐकून माहीत असते आणि दंशाचे भयही माहीत असते. या दोन ज्ञानांचा मेळ घालून देणे हे भाषा, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांच्या अध्यापकांचे समान कार्य आहे. ते झाले नाही, तर कहाणी केवळ परीक्षेच्या उत्तरात राहील आणि श्रावणात उपचारावाचून होणारे मृत्यूही थांबणार नाहीत.