प्रद्युम्नचा मृत्यू आणि प्रेक्षकाचा शोक

एप्रिल २०२५मध्ये ‘सीआयडी’त बार्बोसाने घडवलेल्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न मारला गेला. त्या रात्री धावड्यात टीव्ही बंद करून मी बराच वेळ अंगणात बसलो होतो. शिवाजी साटम धडधाकट आहेत हे ठाऊक असूनही! हा शोक हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्याचे कारण शोधले पाहिजे.

ऑक्टोबर २०१८मध्ये मालिका थांबली, तेव्हा हळहळ वाटली, संताप आला नाही. सवय मोडली होती. पात्र शाबूत होते. रहस्यकथेचा आपल्याशी एक अलिखित करार असतो : मृतदेह सुरुवातीला, उलगडा शेवटी आणि उलगडा करणारा शिल्लक. १८९३मध्ये कॉनन डॉयलने होम्सला संपवले, तेव्हा वाचक चिडले ते याच करारापायी. १९०३मध्ये होम्स जिवंत परतला.

पुढे प्रद्युम्नही परतला. चाहता म्हणून मी सुखावलो. समीक्षक म्हणून अस्वस्थ झालो. नायकाचा मृत्यू असा माघारी घेता येत असेल, तर पुढच्या भागातल्या प्रेताकडे आम्ही कोणत्या डोळ्यांनी पाहायचे?