मामा की मावशी? १९०९ चा एक निबंध आणि आमच्या घरचं जावळ

सिकलसेलवर काम करायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी बसून वंशावळ काढावी लागते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आजार असेल तर आकृती पूर्ण भरायची. तिसरीही एक आकृती आहे, पत्त्यातल्या चौकटसारखी. लिंग माहीत नसेल तिथे ती पूर्वीपासून काढतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांनी नियम सुधारले, तेव्हा स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीही तीच ठरली. कागदावरचा प्रश्न मिटला.

ब्रह्मपुरीला घरी मात्र तो उभाच. आमच्या धाकट्या भावंडाने सांगून टाकलं की आपण मुलगा नाही आणि मुलगीही नाही. मग ताईला बाळ झालं. आता बाळाने काय म्हणायचं, मामा की मावशी?

मी आधी तेच केलं जे आपण सगळे करतो, इंग्रजीतली यादी शोधली. आई-वडिलांच्या भावंडाला तिथे 'पिब्लिंग' असा शब्द बनवलेला आहे. तो मराठीत आणायचा म्हणून कागदावर जोडशब्द पाडत बसले. एकही जमला नाही. का जमत नाही, ते मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबरच्या १९०९ च्या निबंधाने सांगितलं. (जुने निबंध वाचायचा कंटाळा करू नका बाप्पा, हा तर छोटासा आहे.)

क्रोबरचं म्हणणं असं की नात्याच्या शब्दांत आठ प्रकारचे भेद दडलेले असू शकतात. पिढी कोणती, नातं रक्ताचं की लग्नाचं, नातेवाईक स्त्री की पुरुष, आणि ज्याच्यामार्फत नातं लागतं ती व्यक्ती स्त्री की पुरुष, वगैरे. त्याच्या मोजणीत इंग्रजी यांतले चारच पाळते. 'ज्याच्यामार्फत' हा भेद त्यांच्यात नाही, त्यामुळे 'अंकल' कुणाकडूनचा ते कळतच नाही. मराठीत तो भेद हाडात भिनलेला आहे. काका-आत्या बापाकडून, मामा-मावशी आईकडून. 'पिब्लिंग' या चारही नात्यांचा एकच गोळा करतो. आपल्याला काढायचं होतं फक्त नातेवाइकाचं लिंग आणि शब्दाने आजोळही पुसून टाकलं! वंशावळीतली चौकट असं करत नाही. आकार बदलतो, पण आईकडे जाणारी रेघ जागच्या जागी राहते. कोणताही शब्द घडवताना हीच कसोटी लावायला हवी, असं माझं मत आहे.

मराठीने हे काम अर्धं करूनही ठेवलंय. भाऊ-बहीण मिळून भावंड, नातू-नात मिळून नातवंड, भाचा-भाची मिळून भाचरं. मूल, लेकरू, आमच्याकडचं पोट्टं, सगळी नपुंसकलिंगी. पण यादी नीट पाहा. सगळे शब्द आपल्या पिढीचे किंवा खालचे. वरच्या पिढीसाठी असा एक शब्द सापडत नाही. 'मग नपुसकलिंग वापरा की' असं सांगणारे इथे चुकतात. मालवणीत आणि कोंकणीत मुलीला 'चेडू' म्हणतात, तोही नपुंसकलिंगी, म्हणून काही ती मुलगी नसते असं नाही. हे लिंग बऱ्याचदा लहानपणाची खूण असतं. मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं की कमीपणा वाटतो.

याला अपवाद मला एकच सुचतो, 'माणूस'. 'आपलं माणूस', 'घरचं माणूस'. इथे नपुंसकलिंग आहे आणि मानही आहे. बाळाच्या आजोळचं माणूस. ओळख करून देताना हे चालतं, हाक मारायला नाही.

बोलताना मराठी आणखी मदत करते. 'तू जातोस, तू जातेस' मध्ये अडतं, 'तुम्ही जाता' मध्ये अडत नाही. 'त्याने, तिने' मध्ये अडतं, 'त्यांनी, त्यांना, त्यांचं' मध्ये नाही. फक्त 'ते' आणि 'त्या' जवळ गाडी थांबते, तिथे सरळ नाव घ्यायचं. धाकट्याला अहोजाहो करायला आई तयार नाही, हा भाग वेगळा. "माह्या पोटचं लेकरू हाये ते," एवढंच तिचं व्याकरण.

हाकेचं म्हणाल तर आपली एकत्र कुटुंबं शब्दकोश पाहून कधी चाललीच नाहीत. स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणणारी माणसं तुम्हालाही माहीत असतील. मोठी जी हाक मारत, ती पोरांनी उचलली. म्हणून आम्ही 'माऊ' ठरवलं. मी हरकत घेतली की पुष्कळ घरांत माऊ म्हणजे मावशीच. उत्तर आलं, "मांजरही माऊच असतं, चालेल मला."

खरी अडचण जावळाच्या दिवशी आली. मांडीवर घ्यायचा मान मामाचा. नात्याच्या शब्दाला काम चिकटलेलं असतं, ते क्रोबरच्या आठात बसत नाही. न्हावी वस्तरा काढून बसलेला. आजीने विचारलं, "मामा कोन बसते?" कुणीच बोललं नाही. आईने पाट सरकवला, बाळ उचलून माऊच्या मांडीवर दिलं आणि न्हाव्याला म्हणाली, "चाल, घे बाप्पा, लेकरू उठून जाईल."