वॉर्साचे जुने शहर : नक्कल, जीर्णोद्धार की संपादन?

पोलंडची राजधानी वॉर्सा हिच्या 'जुन्या शहरा'विषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हिटलरच्या सैन्याने शहर बेचिराख केले आणि अठराव्या शतकातल्या एका चित्रकाराची चित्रे समोर ठेवून पोलिश लोकांनी ते जसेच्या तसे उभे केले, अशी ती गोष्ट. ती खोटी नाही, पण तिच्यातला 'जसेच्या तसे' हा शब्दप्रयोग तपासून पाहावा असा आहे.

१ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सेनेने उठाव केला. ६३ दिवसांनी तो मोडून पडला. त्यानंतर उरलेल्या नागरिकांना बाहेर काढून जर्मन पथकांनी घरे जाळली, सुरुंग लावून इमारती उडवल्या. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. यातले पुष्कळसे लढाई संपल्यावर, ठरवून पाडलेले होते. पोलिश राष्ट्राची आठवणच पुसण्याचा तो खटाटोप होता. त्यामुळे युद्धानंतर पुन्हा बांधायचे की नाही, हा प्रश्न केवळ वास्तुशास्त्राचा उरला नाही. वास्तुतज्ज्ञ यान झाख्वातोविच यांनी पुनर्बांधणीचा आग्रह धरला. पडझड झालेल्या वास्तूचे अवशेष जपावेत, नवे रचून जुने म्हणून दाखवू नये, हे युरोपातल्या संवर्धनशास्त्राचे तत्त्व त्यांना चांगले ठाऊक होते. तरीही आपल्या संस्कृतीची स्मारके अशी हिसकावून घेतलेली मान्य करायची नाहीत, ही त्यांची भूमिका होती.

आता चित्रकाराविषयी. बेर्नार्दो बेल्लोत्तो हा व्हेनिसच्या प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा. पोलंडचा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्या दरबारी तो चित्रकार होता आणि १७८०मध्ये वॉर्सातच वारला. त्याची नगरचित्रे बारकाव्यांसाठी नावाजलेली आहेत, पण तो दरबारी कलावंत होता. काही इमारतींचे दर्शनी भाग त्याने होते त्याहून डौलदार रंगवले. शिवाय त्याच्या चित्रांचा भर राजमार्ग, राजवाडे आणि चर्च यांवर. तिथल्या पुनर्बांधणीत ती खरोखरच कामी आली. जुन्या शहराच्या चौकातली घरे उभी करायला मात्र मोजमापे लागत होती. ती मिळाली वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी शिक्षकांच्या देखरेखीखाली काढलेल्या आराखड्यांतून. हे आराखडे शहराबाहेर नेऊन पिओत्रकूव्ह इथल्या मठात लपवले गेले, म्हणून वाचले. चित्रकाराची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून ती जगभर पोचली. फूटपट्टी घेऊन गल्लीबोळांतून फिरलेल्या त्या निनावी मुलांचे श्रेय मागे पडले.

आणि जे उभे राहिले ते तरी कोणते शहर? युद्धापूर्वीचे जुने शहर दाटीवाटीचे होते. १९५३मध्ये चौक पुन्हा खुला झाला तेव्हा दर्शनी भिंती जुन्या वळणाच्या होत्या आणि आत आधुनिक सदनिका. घरांमागची दाटी पुन्हा न बांधता तिथे मोकळी अंगणे ठेवली. एकोणिसाव्या शतकाने केलेले बदल बऱ्याच ठिकाणी वगळले, कारण भाडोत्री चाळींचे ते शतक नव्या समाजवादी राजवटीला आणि जुन्या अभिरुचीच्या तज्ज्ञांनाही आवडत नव्हते. जमिनीची मालकी १९४५च्या हुकुमानेच नगरपालिकेकडे गेली होती. त्यामुळे हे शक्य झाले. लागणाऱ्या विटांपैकी कितीतरी व्रोत्स्वाफसारख्या, नुकत्याच पोलंडकडे आलेल्या जर्मन शहरांतल्या इमारती उतरवून आणल्या गेल्या.

सर्वांत मोठी गाळलेली जागा चौकापासून फार दूर नाही. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश ज्यू होते. त्यांचे थोरले सिनेगॉग १६ मे १९४३ रोजी सुरुंगाने उडवले गेले. ते पुन्हा बांधले गेले नाही. त्या जागी आज काचेची उंच इमारत आहे. घेट्टोच्या मुरानूव्ह भागात ढिगारे उपसणेही अशक्य होते. त्यांच्यावरच, त्यांच्याच चुऱ्याच्या ठोकळ्यांनी, नवी वसाहत बांधली गेली. इथे न्याय करायला हवा. ज्यांच्यासाठी ते मोहल्ले पुन्हा बांधायचे, ती माणसेच मारली गेली होती. पण मग 'राष्ट्राने आपले शहर परत मिळवले' या वाक्यातले राष्ट्र कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

या कृतीला मराठीत काय म्हणावे? 'नक्कल' म्हणणे अन्यायाचे, कारण नक्कल करणाऱ्याला मूळ हाताशी असते. 'जीर्णोद्धार' जवळचा वाटतो, पण तो काळाने झिजलेल्याचा. इथे काळाने काही केले नव्हते, माणसांनी केले होते. मला 'संपादन' हा शब्द योग्य वाटतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशा दीर्घ काळात सिद्ध केली. उपलब्ध हस्तलिखिते ताडून एक पाठ निवडायचा, बाकीचे पाठभेद तळटीपांत नोंदवायचे, ही तिची शिस्त. वॉर्साच्या वास्तुतज्ज्ञांनीही चित्रे, आराखडे आणि अवशेष ताडून पाठ निवडला. फरक असा की रस्त्यावर चालणाऱ्याला पाठभेद दिसत नाहीत. एकोणिसावे शतक, ज्यू मोहल्ले, परक्या विटा, सगळे तळटिपांसह गाळलेले.

युनेस्कोने १९८०मध्ये हे जुने शहर जागतिक वारसा यादीत घेतले ते पुनर्बांधणीच्या असामान्य कार्याची दखल म्हणून. हे योग्यच झाले. इथली अस्सल गोष्ट बहुतांशी तेराव्या वा अठराव्या शतकातली नाही, १९४५नंतरच्या दशकातली आहे. पुढे २०११मध्ये पुनर्बांधणी कार्यालयाचे दप्तरही युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' नोंदवहीत आले. म्हणजे तळटिपा आहेत, फक्त कपाटात आहेत.

युद्धे थांबलेली नाहीत. उद्ध्वस्त शहरे पुन्हा उभी करण्याची वेळ आणखी कोणाकोणावर येणार आहे, आणि तेव्हा वॉर्साचे नाव आदराने घेतले जाईल. घ्यावेच. मात्र ते घेताना केवळ भिंतींकडे पाहू नये, दप्तरही उघडावे. काय बांधले यासोबत काय वगळले हे ज्या शहरात रस्त्यावरच वाचता येईल, त्याची पुनर्बांधणी वॉर्साच्याही पुढे गेलेली असेल.