चमकले म्हणजे कर्करोग?

मालेगाव हे यंत्रमागाचे गाव. कापड आणि रंग यांचे नाते तेथील विद्यार्थ्यांना नव्याने सांगावे लागत नाही. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली टिनोपॉल लावलेला पांढरा सदरा धरला, तर तो निळसर चमकतो. अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. अशाच गुणाच्या सेंद्रिय रंगद्रव्यांपासून 'कर्करोग ओळखणारे' जैवसंवेदक तयार झाल्याच्या वार्ता आपण अधूनमधून वाचतो. कल्पना सुंदर आहे. तक्रार आहे ती वार्तांविषयी.

आधी कल्पना पाहू. या रेणूंचा मोठा भाग पाणी टाळणारा असतो. त्यामुळे पाण्यात ते आपण होऊन एकमेकांना चिकटून रास रचतात. दाटीत बसलेले रेणू शोषलेली ऊर्जा बहुधा उष्णतेच्या रूपाने गमावतात, चमक विझते. रेणूला जोडलेल्या 'हाता'ने विशिष्ट प्रथिन पकडले, की रास विस्कटते आणि प्रकाश दिसतो. याउलट, गोळा झाल्यावरच चमकणारी रंगद्रव्ये हाँगकाँगच्या बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ साली वर्णिली. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच.

रास विस्कटली, एवढेच प्रकाश सांगतो. कोणी विस्कटली, हे सांगत नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीएसए हे प्रथिन तपासतात. त्याची रूढ मर्यादा मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम. रक्तद्रवाच्या त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे कोटीपट असते. आणि अनेक रंगद्रव्ये त्यालाही चिकटतात. शिवाय ग्रंथी वयोमानाने वाढली किंवा तिला संसर्ग झाला, तरी पीएसए वाढते.

आता वर्गात एक गणित करावे. १००० माणसांत १० रोगी आहेत असे समजू. चाचणी १०० पैकी ९० रोग्यांना आणि १०० पैकी ९० निरोग्यांना बरोबर ओळखते असे धरू. मग ९ रोगी सापडतील, पण ९९ निरोगी माणसांवरही शिक्का बसेल. १०८ पैकी खरे ९, म्हणजे बारांत एक! उरलेल्या अकरांच्या घरी धास्ती, मुंबईच्या फेऱ्या आणि खर्च. शिवाय सुटलेला दहावा रोगी निर्धास्त राहील, ते वेगळेच.

म्हणून अशी वार्ता शाळेच्या फलकावर लावताना शिक्षकांनी खाली दोन प्रश्न लिहावेत, असे आम्ही सुचवतो. चाचणी पाण्यात केली की रक्तात? आणि निरोगी माणसांच्या रक्तात ती किती वेळा चमकली?