महारवतनाचें बिल व आमचे वतनी कागद

वतनी कागद म्हटले म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या सनदा, महजर व निवाडपत्रें एवढींच आमच्या संग्राहकांच्या डोळ्यांपुढें येतात. महाराष्ट्र शासनानें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा दुसरा खंड परीक्षणास घेण्याचें कारण हेंच. राजकारणाचें पुस्तक म्हणून तो बाजूस ठेवणें बरें नव्हे. शिक्षणखर्चाविषयीं १९२७ च्या मार्चांत सरकारला विचारलेला जाब वगैरे भाग आम्ही येथें सोडतों; आमचें काम १९२८ च्या बिलाशीं आहे.

आंबेडकर १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलांत सरकारनियुक्त सभासद होते. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल त्यांनीं १९ मार्च १९२८ रोजीं मांडलें व ३ ऑगस्टला त्यावर विस्तारानें भाषण केलें. त्या भाषणाचें मर्म एका प्रश्नांत आहे : महार चाकर कोणाचा, सरकारचा कीं गांवचा? राबवून घेणार सरकार; मोबदला मात्र तुटपुंजी इनाम जमीन आणि रयतेनें घालावयाचें बलुतें. रयतेनें रागावून बलुतें बंद केलें तर दाद कोठें मागावी? चाकरीस वेळेची मर्यादा नाहीं. वतनदार घरीं नसला तर कुटुंबांतील दुसऱ्यानें राबावें. यावर उपाय असा कीं, ज्यास चाकरींतून सुटावयाचें असेल त्यानें पूर्ण सारा भरून जमीन राखावी, आणि जो राहील त्याचें बलुतें पैशांत ठरवून तें सरकारनें महसुलाबरोबर वसूल करून द्यावें.

आतां आमच्याकडील कागद पाहा. महजरावर महाराची निशाणी असते, शिवेच्या तंट्यांत त्याची साक्ष मोलाची ठरते, बेदरच्या पातशाहाकडून मिळाल्याचे सांगितले जाणारे बावन हक्क तर सर्वश्रुतच आहेत. एवढ्यावरून वतन म्हणजे मान असा सिद्धांत काढून आम्ही मोकळे होतों. हक्कांची यादी छापली जाते. हक्क पदरांत पडला कीं नाहीं, तें यादी सांगत नाहीं. आंबेडकरांनीं त्याच वतनाचा जमाखर्च मांडला, आणि संशोधकाच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ आहे.

खंडांत उणीव आहे ती दुसऱ्या पक्षाची. प्रतिपक्षीयांचीं समग्र भाषणें कौन्सिलाच्या छापील वृत्तांतांतच शोधावीं लागतात. बलुतें, जुडी, रयतावा हे शब्दही इंग्रजी वेष घेऊन येतात. त्यांस जुन्या दप्तरांतील दाखले जोडून सटीप मराठी आवृत्ति व्हावयास हवी.

बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलें, तेथें त्याचा जीव गेलेला पाहून कर्त्यानें तें १९२९ त मागें घेतलें. खोतीचें बिल १९३७ चें. कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें.

ज्यांच्या संग्रहीं महारकीच्या बलुत्याच्या याद्या, चाकरीचे तंटे, अर्ज वा पावत्या असतील त्यांनीं त्या नकला करून मंडळाकडे पाठवाव्या. पाटलांच्या दप्तरांत हे कागद बहुधा तळाशीं सांपडतात, आणि रद्दींत तेच आधीं जातात.